लांजेवारांचा मूळपुरुष

मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की सक्करदऱ्याच्या आमच्या घराची मधली खोली डोळ्यांपुढे येते आणि फरशीवर, पूर्वजांच्या मधोमध मांडी घालून बसलेले मोठेबाबा दिसतात. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अविवाहित, निवृत्त आणि लांजेवार घराण्याच्या वंशावळीचे स्वयंनियुक्त रक्षक. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी नऊ पिढ्या उतरवल्या होत्या. कूलर सुरू झाला की त्या पिढ्या उडू लागत आणि घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक वाटी कुणा ना कुणा पणजोबांच्या छातीवर ठेवली जाई. एक खापरपणजोबा तर दोन दिवस पलंगाखाली होते. मेलेल्यांना जपता जपता जिवंतांना पोळपाट मिळत नाही, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं.

नाती शोधणं हा त्यांचा श्वास होता. समोरच्याचं नाव विचारण्याआधी ते गाव विचारत, मग आजोळ, मग आत्या कुठे दिली ते, आणि मान किंचित तिरपी करून, डोळे मिटून, कुठल्याशा अदृश्य फांदीवरून उतरत उतरत त्याच्यापर्यंत येऊन पोहोचत. हेल्मेट नाही म्हणून अडवणारा पोलीससुद्धा दहा मिनिटांत त्यांच्या मावसबहिणीचा चुलतदीर निघाला होता. त्या बिचाऱ्याला हेल्मेटचं काही आठवलं नाही आणि मोठेबाबांनी त्याला जेवायला घरी आणलं.

अशा माणसाच्या पुतणीने, म्हणजे मी, लग्नासाठी पसंत केला तो कुहीचा लांजेवार! आडनाव एक म्हणजे भाऊबंदकी, भाऊबंदकी म्हणजे बहीण-भाऊ; आईने तर अंथरूणच धरलं. शेवटी बाबांनी निवाडा दिला की दादा शोधतील. मूळ वेगळं निघालं तर लग्न, एक निघालं तर विषय संपला. जन्मभर नाती जोडलेल्या माणसाला प्रथमच एखादं नातं नाही, हे सिद्ध करायचं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी आनंदाने आरोळी ठोकली. आमचा बकाराम आणि कुहीकरांचा सखाराम हे सख्खे भाऊ होते! चष्म्याच्या काचांवर ऊन चमकत होतं, बोट दोन नावांवर टेकलं होतं आणि तीस वर्षांत न सापडलेली फांदी हाती लागल्याचं निर्मळ सुख चेहऱ्यावर पसरलं होतं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले, आणि ते त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, ते बस धरून कुहीकडच्या भाटाकडे गेले. पिढ्यान् पिढ्या घरोघर फिरून कुळांची नावं लिहिणाऱ्या त्या घराण्याकडे आमची मूळ पोथी होती. मोठेबाबांनी मात्र आजवर थोरांच्या तोंडून ऐकलं तेच उतरवलं होतं. परतले तेव्हा ऊन कलत होतं. चहा त्यांनी बाजूला सारला.

"बकारामले पोरगाच नव्हता वं, माय," ते म्हणाले. "एकच पोरगी होती. जावई घरी आणला. त्यानं सासऱ्याचं आडनाव लावलं. आपण त्या घरजावयाचे."

मी विचारलं, "मग त्याचं स्वतःचं आडनाव?"

"पोथीत नाही." त्यांनी बकारामच्या पानावरची वाटी उचलून बाजूला ठेवली. "बाईच्या अंगानं नातं आहे, पण पिढ्या उलटल्या. तुहं लग्न होते."

ते गप्प बसले असते तर नऊच्या नऊ पिढ्या त्यांच्याच राहिल्या असत्या, आणि कुणाला कधी कळलं नसतं. त्यांनी कात्री मागवली. बकाराम आणि त्याच्या वरचे सगळे अलगद कापून, घडी घालून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या हवाली केले. तुमचे आहेत, सांभाळा, कूलरसमोर ठेवू नका, असं बजावलंही.

हुडकेश्वरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. आमच्या घरातली पहिली अस्सल लांजेवार ही पोरगीच, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते आणि सर्वांत मोठ्याने स्वतःच हसत होते. पण त्या दिवशी त्यांनी एकाही माणसाला गाव विचारलं नाही. मला ते जाणवलं आणि अक्षता पडत असताना माझं लक्ष मंगलाष्टकांत राहिलं नाही.

मोठेबाबांना जाऊन तीन हिवाळे झाले. यंदा धान कापून झाल्यावर कुहीच्या घरी भाट आला, पोथी उघडून सुनांच्या माहेरची नोंद करू लागला. मूळपुरुष कोण, असं त्याने मला विचारलं. मी मोठेबाबांचं नाव सांगितलं.

लेखणी थांबली. "त्यांचं मूलबाळ?"

"मी."

त्याने एकवार सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान हलवली आणि त्याने लिहिलं. काळ माणसाला नेतो, मग त्याच्या मागचंही सावकाश पुसत जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही ती शाई वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही.