वगळलेल्या गोष्टींची वही

मी शिलाई मशीन दुरुस्त करते आणि मला 'कधीकधी' या शब्दाचा मनापासून राग येतो. "कधीकधी टाका सोडते हो," म्हणत गिऱ्हाईक मशीन ठेवून जातं आणि माझ्या टेबलावर ते अगदी शहाण्यासारखं चालतं. अशा वेळी एकेक गोष्ट बदलत जायची. आधी सुई, मग दोरा, मग बॉबिन. ज्या बदलानंतर टाका सुटायचा थांबतो, तो चोर.

म्हणून माझंच मशीन बिघडलं तेव्हा मी घाबरले, पण चिडले त्याहून जास्त. एका मंगळवारी सकाळी हातात तेलाची कुपी होती, डोक्यात काहीसुद्धा नव्हतं, आणि छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता आपण मरणार, याची खात्रीच पटली. थोड्या वेळाने सगळं गायब! तपासणीत हृदय ठणठणीत निघालं. तपासायच्या टेबलावर मीही शहाण्यासारखी चालत होते तर.

मी एक वही सुरू केली: एकेक गोष्ट वगळायची आणि झटका थांबतो का ते लिहायचं. चहा सोडला, तरी झटका आला. हिरवा स्वेटर कपाटात गेला, रेडिओ बंद झाला, बाजाराचा रस्ता टाळला. एक फार बडबडी मैत्रीणही वगळली, आणि खरं सांगते, तिचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. तीन महिन्यांत अकरा गोष्टींवर काट मारली. बारावी होती शाळेचं फाटक, कारण लेकीला आणायला गेले असताना तिथे दोनदा झटका आला होता. तेव्हापासून शेजारीण तिला घरी आणायची.

शेवटी वही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ती चवीने वाचली. "झटका आला की तुम्ही काय करता?"

"तिथून निघते."

"आणि तो किती वेळ टिकतो?"

हे मी लिहिलंच नव्हतं. त्या हसल्या. "हे पॅनिक अटॅक आहेत. शरीराची धोक्याची घंटा उगाच वाजते. तुम्ही पळालात की तिला वाटतं, खरंच धोका होता. पुढच्या वेळी पळू नका. श्वास सावकाश सोडा आणि नुसतं बघा. तो चढतो, मग आपोआप उतरतो."

"पण कारण काय?"

"सापडेलच असं नाही."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. कारण सापडणार नाही म्हणे! असं गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

घरी लेक वही उघडून बसली होती. नऊ वर्षांची आहे, पण नजर माझ्यासारखीच चिकित्सक.

"आई, फाटकावर काट का मारलीस?"

"तिथे मला त्रास होतो गं."

"पण तिथे मी असते."

माझ्या रीतीने तेरावा नंबर कोणाचा लागला असता, हे मला लख्ख दिसलं आणि मी हादरले.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, आज मी जाते. शाळा सुटायला पाच मिनिटं होती आणि फाटकापाशी झटका आलाच. पाय परत वळायला लागले. मी गजाला धरून उभी राहिले आणि बघायला लागले. मुंग्या आधी डाव्या करंगळीत येतात, हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मग कान तापतात. मरणाची भीती तर वाटतच होती, पण पुढे काय होतं याची उत्सुकताही वाटत होती.

शाळा सुटली. लेक धावत आली आणि माझा चेहरा बघून थबकली.

"आलाय का?"

"आलाय."

"मग चल ना पटकन घरी."

"नको. इथेच थांबू. आज वर्गात काय झालं ते सांग."

तिने दप्तर खाली ठेवलं. बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि त्यांनी अख्खा तास एकाच जागी उभं राहून शिकवलं होतं. ती हातवारे करून सांगत होती, मी सावकाश श्वास सोडत ऐकत होते. झटका अजून उतरला नव्हता.