रगतातली लेक

नव्व्याण्णव सालची आषाढातली अवस. दिपाली उंबऱ्यात बसून रंगूची वेणी घालत होती. पोर तीन वर्षांची, जिभेनं जड, हसली की डोळ्यांच्या नुसत्या चिरा. रडली की ओठ निळे पडायचे. काळजाला जन्मापासून भोक.

"गिरानाचं पोर," सासू लंकाबाई म्हणायची. रंगू पोटात असताना दिवाळीत ग्रहण लागलं, अन् गरोदर बाईनं पातं धरू नये तर ऊसतोडीच्या मुकादमानं दिपालीच्या हातचा कोयता सोडू दिला नव्हता.

आता पुन्हा दिवस गेलेले. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कोयत्याचा दोष नाही गं. गर्भ राहतानाच एक गुणसूत्र जास्त आलं. आताच्या बाळाचं पोटात सुई घालून तपासता येतं, पण धोका असतो. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात; त्या वेचून ओळखायचा शोध परदेशात चाललाय. कधीकधी त्या वर्षानुवर्षं राहतात."

"म्हंजी रंगू अजून हाय माज्यात?"

"असेलही."

लंकाबाईनं ऐकून नाक मुरडलं. "त्या डाक्टरीणीनं कवा ऊस तोडलाय?"

दुपार कलली तशी लंकाबाई म्हणाली, "आज परत गिरान. आत उतानी पड. हलायचं न्हाई. अन् ह्या पोरीची सावली नगं पोटावर."

रंगूला शेळीच्या गोठ्यात कोंडलं. दिपालीचा नवरा अंगद तंबाखू मळत पुटपुटला, "आये, रडली की दम लागतो तिला."

"पोटातलं तरी धड नगं व्हय तुला?"

अंगदनं तंबाखू तोंडात टाकली. खोलीला बाहेरून कडी लागली.

"आय... आय..." गोठ्यातून हाक. दिपालीच्या ओठी ओवी आली:

लेक माजी भोळी गं, हाका मारिते दारात,
कशी म्हनू परकी गं, फिरं माज्या रगतात.

हाक तुटक झाली. दिपाली उठली, दारावर मुठी आपटू लागली. "कडी काढा आत्याबाई! दम कोंडला तिचा!"

"हलू नगं! पोटातल्याचं वंगाळ व्हईल!"

आभाळ इतकं भरलेलं की ग्रहण कुणाला दिसलंसुद्धा नाही.

मग हाक थांबली. "झोपली बग," लंकाबाईनं सुस्कारा सोडला.

अंधार पडता कडी निघाली. "सुटलं गिरान. आंघूळ कर." दिपाली गोठ्याकडं धावली. शेळी रंगूचा हात चाटत होती. ओठ निळे, हात गार.

लंकाबाईच्या हातचं ऊन पाणी सांडलं. "पोटातल्यापायीच केलं गं म्या..."

दिपालीनं लेकीला मांडीवर घेतलं अन् सुटलेली वेणी पुन्हा घालायला बसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य जसाच्या तसा उगवला. वाचणाऱ्या बाया-बापयांनो, तुमच्या दाराची कडी एकदा बघून या.