दोनची गोळी

पारूबाई गेली ती मंगळवारी, दोन हजार तीन सालच्या मे महिन्यात. तिच्या नवऱ्याला, दादासोला, कळलं तेव्हा तो शिवाजी पेठेत रस्त्यातल्या खड्ड्यात लांब दांड्याची चावी घालून पाणी सोडत होता. चार वाजता त्या भागाला पाणी सुटायचं. पाणीखात्यातल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं ते कधी सव्वाचारला सोडलं नव्हतं.

त्याच्याच खात्यातला आण्णा लुनावरून आला. गाडी स्टँडवर लावायची सोडून त्यानं ती भिंतीला टेकवली, तेव्हाच दादासोला खटकलं.

"दादासो, चावी हिकडं दे. तू घरला जा."

"का रं?"

"वहिनी पडल्यात."

"पडल्यात म्हंजे? दवाखान्यात नेलं का न्हाई?"

आण्णानं त्याच्या हातातला दांडा काढून घेतला. "डॉक्टर घरीच येऊन गेला. तू जा की."

डॉक्टर घरी येऊन गेला आणि दवाखान्यात नेलं नाही, याचा अर्थ समजायला दादासोला कुणी शिकवायची गरज नव्हती. आण्णाची लुना घेऊन तो निघाला.

सिद्धार्थनगरात घराच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पारूबाईला सतरंजीवर निजवलं होतं. केस ओले होते. उशाला शेजारची चिमणाबाई बसली होती. त्याला बघितल्याबरोबर तिनं हंबरडा फोडला.

"मी विरजण मागाय आले वो भावजी. हाक मारली, तर ओ न्हाई. मोरीत बघते तर ह्या! आकडी आली आन् धुण्याच्या दगडावर डोस्कं आपटलं."

दादासो पारूबाईजवळ बसला. तिचा हात हातात घेतला, तो गार होता. मग त्याची नजर फळीवर गेली. रोज पहाटे ड्युटीवर जाताना तो तिथं एका लहान वाटीत तिची दुपारची गोळी काढून ठेवायचा. गोळी वाटीत तशीच होती.

तिथून त्यानं कोपऱ्यात बघितलं. टेबलावर कॉम्प्युटर होता. टेबलाखाली त्याची वायर लोंबत होती आणि पिन बोर्डात नव्हती.

पिन त्यानंच काढली होती. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी.

पारूबाईला सहा वर्षं आकडीचा त्रास होता. दिवसाला तीन गोळ्या. सकाळची आणि रात्रीची दादासो स्वतःच्या हातानं द्यायचा. प्रश्न दुपारच्या गोळीचा होता, कारण तेव्हा तो ड्युटीवर असायचा आणि पारूबाईच्या ध्यानात राहायचं नाही. शाळा चालू असली की ती घरामागच्या शाळेच्या दोनच्या घंटेवर गोळी घ्यायची. शाळेला सुट्टी लागली की सगळं बिघडायचं. मागच्या उन्हाळ्यात असंच विसरून ती भर बाजारात पडली होती.

म्हणून प्रसेनजीतनं, त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, चौदा एप्रिलला जयंतीला आला तेव्हा ही सोय करून ठेवली. तो पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि त्यानंच जुने भाग जोडून हे मशीन घरी बसवलं होतं. मशीन चालू होता होता त्यानं एक बटन टकाटका दाबलं, पडदा निळा झाला, आणि त्यात तो काहीबाही भरत बसला.

"आप्पा, डब्याच्या पोटात एक घड्याळ असतंय. मशीन बंद असलं तरी ते चालतंय. रोज एक पंचावन्नला मशीन आपलं आपण चालू हुणार. दोनला मी आईला सांगणार, गोळी घे म्हणून."

"तू पुण्यासनं सांगणार?"

"न्हाई वो, आवाज भरून ठेवलाय. आन् समजा दोनला लाईट नसली, तर लाईट आल्या आल्या मशीन चालू हुतंय आन् बोलतंय. धा मिनिटांनी बंद पण आपलं आपण. फकस्त एक करायचं. बोर्डाचं बटन कवाच बंद करायचं न्हाई. पाठीमागनं करंट पायजे, तरच ते उठतंय."

दादासोला घरातून बाहेर पडताना सगळी बटनं बंद करायची सवय होती. ती माहीत होती म्हणून प्रसेनजीतनं बटनावर आडवी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं लिहिलं, 'बटन बंद करू नये.'

दुसऱ्या दिवशी दोनला मशीन बोललं तेव्हा पारूबाई हसून हसून बेजार झाली. "माझी सासू मरून तीस वर्सं झाली," ती चिमणाबाईला म्हणाली, "पोरानं ही दुसरी आणून बसिवली. दोन वाजले की हुकूम सोडतीया." पण गोळी चुकायची थांबली. महिना गेला, एकही गोळी चुकली नाही. मग पारूबाईनं घड्याळाकडं बघायचंच सोडून दिलं. सासू सांगेल म्हणायची.

सोमवारी संध्याकाळी वळीव आला. विजा अशा कडाडत होत्या की भांडी वाजत होती. मागच्या वर्षी अशाच विजेत गल्लीतले दोन टीव्ही उडाले होते, आणि तेव्हापासून वीज कडाडली की घरोघरी टीव्हीच्या पिना निघायच्या. दादासोनं कॉम्प्युटरचीही काढली. बटनाला हात लावायचा नाही हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. त्यानं बटन तसंच ठेवलं आणि पिन उपसली. पाऊस थांबला, दोघं जेवली, झोपली. पहाटे चारला उठून त्यानं वाटीत गोळी ठेवली आणि तो ड्युटीवर गेला. पिन खालीच राहिली.

आता खोली बायकांनी भरली होती. सगळ्यांच्या नजरा पारूबाईकडं होत्या. दादासो उठला, पाणी प्यायला जावं तसा टेबलाकडं गेला, वाकला आणि पिन बोर्डात बसवली.

आपण हे का केलं, ते त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नसतं. पोरगं येईल, बघेल, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

पिन बसली आणि मशीन घरघरलं. दादासोनं ते बंद करायला हात पुढं केला, पण कुठलं बटन दाबायचं ते त्याला सुधरेना. पडदा उजळला. खोलीतलं रडणं एकदम थांबलं.

"आई, दोन वाजले," प्रसेनजीतचा आवाज आला. "पांढरी गोळी घे. पाणी भरपूर पी."

एक बाई किंचाळली. लगेच दुसऱ्यांदा आवाज आला, कारण आई मोरीत असली तर ऐकू जावं म्हणून पोरानं तो दोनदा भरला होता.

"आता बोलतंय मुडदं!" चिमणाबाई ओरडली. "साडेचार वाजले की! दोनला काय झालतं ह्याला?"

दादासो टेबलाला पाठ लावून उभा राहिला. पिन मी काढलती, एवढे तीनच शब्द होते. सगळा बायकांचा घोळका त्याच्याकडं बघत होता. तो जाऊन परत पारूबाईजवळ बसला.

प्रसेनजीत रात्री आला. दारातच चिमणाबाईनं त्याला मिठी मारली आणि रडता रडता पहिलं हेच सांगितलं, "तुझं मशीन साडेचारला बोललं रं बाबा. दोनला बोललंच न्हाई." पोराच्या तोंडावरचा रंग उडाला. ते दादासोनं बघितलं.

सकाळी माती झाली. पुढं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, वंदना झाली, पै-पाहुणे गेले. घरात दोघंच उरले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून प्रसेनजीत कॉम्प्युटरसमोर बसला. दादासो कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडला होता, पण त्याला झोप नव्हती.

"आप्पा, जागं हाय न्हवं?"

"हूं."

"ह्याच्यात नोंद असतीया. मशीन कवा चालू झालं, कवा बंद झालं. सोमवारी एक पंचावन्नला चालू, दोन पाचला बंद. मंगळवारी दोनला नोंदच न्हाई. एकदम चार बत्तीसला." त्यानं पडद्यावरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितली. "घड्याळ तर बरोबर हाय."

त्यानं स्पीकरची वायर उपसली. मग पाच मिनिटांनंतरची वेळ लावली, मशीन बंद केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसला. वेळ झाली तसं मशीन चालू झालं. पुन्हा लावली. पुन्हा चालू झालं. असं त्यानं अकरा वेळा केलं. दादासो प्रत्येक वेळी मोजत होता, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होता, एकदा तरी बंद पड. एकदा तरी.

अकराव्या वेळेनंतर प्रसेनजीत टेबलाखाली शिरला. दादासोनं मान वळवून बघितलं. पोरगं गुडघ्यांवर बसून बोर्डाकडं बघत होतं. चिकटपट्टीवरून त्यानं बोट फिरवलं.

"पट्टी जशीच्या तशी हाय, पिन बी घट्ट बसलीया," तो म्हणाला. "बटनाला कुणी हात लावलेला न्हाई."

दादासो उठून बसला. आता सांगायचं, त्यानं ठरवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात पोरानंच विचारलं, "आप्पा, त्या दिवशी लाईट गेलती का? दोनच्या आधी गेली आन् साडेचारला आली, तर सगळं जुळतंय बघा."

"व्हय," दादासो म्हणाला. "गेलती."

"कवा?"

"दुपारी."

"तुमी तर ड्युटीवर हुता."

"पेठेत गेलती. म्हंजे हिकडंबी गेलीच असणार."

प्रसेनजीतनं हळूच श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो भिंतीला टेकून बसला. दादासोला वाटलं, झालं, सुटला पोरगा. आपण सुटलो नाही तरी चालेल.

चिमणाबाई कालची भांडी न्यायला आली ती तेव्हाच. प्रसेनजीतनं तिला सहज विचारलं, "काकू, मंगळवारी दुपारी लाईट किती वेळ गेलती?"

"लाईट? कुठली रं लाईट?" चिमणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दिसभर हुती की. मी दुपारभर मिक्सरवर चटणी काढत हुते. तीनला टीव्ही बघितला, मग तर विरजण मागाय आले."

ती भांडी घेऊन गेली. प्रसेनजीत बापाकडं बघत राहिला. आता पोरगं विचारणार, मग खोटं का बोललासा? आणि मग सांगावंच लागणार. दादासोला जरा बरंही वाटलं, की आता सुटका नाही.

प्रसेनजीत उठला आणि कॉटवर त्याच्या शेजारी येऊन बसला. बापाचा हात त्यानं धरला. लग्नाकार्यातसुद्धा तो कधी असा हात धरत नसे.

"आप्पा," तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोलू नगासा. मला वाईट वाटू नये म्हणून बोललासा, कळतंय मला. पर चूक माझीच हाय. मीच काहीतरी चुकीचं लावलं. आधी घड्याळाकडं तरी ती बघत हुती. माझ्या मशीनवर विसंबली आन् गेली."

"तसं न्हाई रं," दादासो म्हणाला.

"तसंच हाय."

"प्रसेनजीत, ऐक..."

पण पोरगं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागलं, लहानपणी रडायचं तसं, आवाज करून. दादासोनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. सांगितलं तर ह्या पोराच्या नजरेत आज आपण आहोत तसे उद्या राहणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्यानं हात फिरवत ठेवला.

त्या वर्षी प्रसेनजीतनं कॉम्प्युटरचं काम सोडलं. माझ्या हातानं लावलेल्या मशीनवर माझा भरवसा राहिला नाही, असं तो मालकाला सांगून आला. आता तो चाकणला एका गोडाऊनमध्ये आहे. दर रविवारी फोन करतो. तब्येत, जेवण विचारून झालं की मधेच थांबतो आणि म्हणतो, "आप्पा, एक आठवलं. त्या दिवशी टेबल कुणी हलवलं नव्हतं न्हवं?" कधी विचारतो, उंदरानं वायर कुरतडली होती का. चार वर्षं झाली, त्याचं शोधणं थांबलेलं नाही.

दादासो म्हणतो, "न्हाई रं." फोन ठेवतो आणि पुढच्या रविवारी नक्की बोलायचं ठरवतो.

'पिन मी काढलती', हे प्रसेनजीतला अजून सांगायचं राहिलं आहे.