काचेतल्या पेशी आणि आप्पा

आप्पांची गादी उन्हात टाकायला उचलली आणि धनश्रीचं डोकंच फिरलं. खाली या खेपेला दवाखान्यातून आणलेल्या टीबीच्या गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली. शेजारी एक डबा होता: ‘शुद्ध मशरूम अर्क. क्षयावर रामबाण.’

"आप्पा! हे काय आहे?"

तिचे वडील, धुडकूआप्पा, गोडादरा वस्तीतल्या त्यांच्या खोलीत खाटेवर बसून चहा पीत होते. पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधली नोकरी आजारामुळे सुटली होती.

"तुनीच दवाई शे ना ती," ते अभिमानाने म्हणाले. "त्या गोया खाऊन उलट्या व्हतीस. तू तं सांगे, मशरूमनी जंतू मरतस."

धनश्रीने कपाळावर हात मारून घेतला. युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत ती खरंच तेच काम करायची. शरीराच्या रक्षक पेशी जंतूंना गिळतात, पण काही जंतू त्यांच्याच आत घर करून राहतात. मशरूमच्या अर्काने त्या पेशींना जंतू मारायला बळ येतं का, हे ती बघत होती. थोडं यश आलं, तेव्हा तिने घरी पेढे आणले होते.

"अहो, ते काचेच्या ताटलीत! त्या पेशींना ना पोट आहे, ना लिव्हर. आणि जंतूही टीबीचा नाही, त्याच्या जातीतला साधा आहे. तुम्ही काय ताटली आहात?"

आप्पांचा चेहरा उतरला. "मंग तू काय करस तठे?"

या प्रश्नाने ती आणखी चिडली. तेवढ्यात आई, मंगलाबाई, दारातून म्हणाली, "शेजारच्या चंचलनेही मागवलाय, शुगरसाठी. आप्पांनीच सांगितलं तिला."

"शुगरसाठी?" धनश्री ओरडलीच.

तिने आप्पांना तसंच रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही झापलं. घरात शिकलेली मुलगी असून गोळ्या बंद कशा होतात, असं त्यांनी विचारलं. धनश्री मान खाली घालून ऐकत राहिली. बेडका तपासायला गेला. गोळ्या अधेमधे सोडल्या की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हे तिला पाठ होतं. रिपोर्ट येईपर्यंत ती आप्पांशी धड बोललीही नाही. ते मात्र रोज विचारत, "जेवलीस का?"

रिपोर्ट आला. जुन्याच गोळ्या अजून चालणार होत्या. उलट्यांसाठी वेगळं औषध मिळालं. बाकावर बसून धनश्री रडली. आप्पा ओशाळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी मंगलाबाईने पाण्याचा तांब्या आणि गोळ्या पुढे केल्या. आप्पांनी तोंड वाकडं करत त्या गिळल्या. मग लेकीकडे वळले.

"तुनी दवाई कधी तयार व्हई?"

"माहीत नाही, आप्पा. कदाचित होणारही नाही."

"व्हई," आप्पा म्हणाले. "मी चंचलले सांगी ठेयेल शे."

धनश्री चपला घालून शेजारी निघाली, चंचलकडचा डबा काढून घ्यायला.