उजवीकडे, थोडं खाली

एकोणीस वर्षं अर्ज भरल्यावर वेंडेल प्रॉक्टरला एल्कच्या, म्हणजे सांबराहून मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला. धनुष्याने, नर, एक. नेवाडात माणसाला बायको लवकर मिळते, हा परवाना मिळत नाही. सोडतीत नाव निघेपर्यंत कित्येकांचे गुडघे जातात, आणि कित्येक तर आपणच जातात. वेंडेलचा खुबा बदलून झाला होता आणि डोळे जायच्या वाटेवर होते.

परवाना लागल्याचं कळलं त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरणीने त्याला समोर बसवून सांगितलं, की डावा डोळा सोडून द्या, आणि उजव्याचंही पुढच्या वर्षी या वेळेपर्यंत काही खरं नाही. वेंडेल म्हणाला, "सप्टेंबरापर्यंत टिकेल ना? मग पुढचं पुढे बघू." डॉक्टरीण हसली नाही. बाहेर गाडीत बसल्यावर त्याच्या बायकोने, नेल्डानेच रडून घेतलं. गाडी आता तीच चालवायची.

तेव्हा शिकार व्हायची तर ह्याच हंगामात, आणि हंगामाला तीन महिने होते. जूनपासून रोज संध्याकाळी वेंडेल घरामागे उभा राहू लागला. चाळीस पावलांवर टेकडीच्या पायथ्याशी वाळल्या गवताचा भलामोठा गठ्ठा, त्यावर कागद, कागदाच्या मधोमध पिवळं वर्तुळ. रोज तीन-तीन बाणांच्या चार फेऱ्या. पिवळं त्याला दिसायचं. धनुष्यावरची नेमाची पिनही दिसायची, डोळ्यापासून हातभरच तर लांब. दिसायचे नाहीत ते रुतलेले बाण. आणि नव्या खुब्यावर चाळीस पावलं जाऊन-येऊन करायची तर रात्री झोप नाही. ज्यांच्याबरोबर तो आजवर शिकारीला गेला त्या दोघांतला एक मुलीकडे ॲरिझोनात राहायला गेलेला, दुसरा दफनभूमीत. राहिली कोण, तर नेल्डा.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नेल्डाने धनुष्याला हात लावला नव्हता. तिचं काम मांस दळायचं, पिशव्यांवर तारखा घालून फ्रीझर भरायचा. बाणाचं टोक कुठलं आणि शेपूट कुठली, एवढं तिला कळायचं, आणि इतकी वर्षं तेवढ्यावर भागलंही होतं.

पहिल्या संध्याकाळी ती गठ्ठ्यापाशी गेली. तिन्ही बाण पिवळ्याच्या बाहेर होते, उजवीकडे, थोडं खाली, वीतभर अंतरावर. तिने वळून पाहिलं. वेंडेल धनुष्य पायाशी टेकवून मान उंच करून उभा होता.

"काय गं? गप्प का?"

"पिवळ्यात!" नेल्डा ओरडली.

"तिन्ही?"

"तिन्ही!"

तो मोठ्याने हसला. डॉक्टरणीकडून आल्यापासून ते पहिलंच हसू होतं. त्या हसण्यासाठी नेल्डाने ह्याहून मोठं खोटंही रेटून सांगितलं असतं. पाप असेल तर असो, असं म्हणून तिने बाण उपसले आणि परत आली.

पण चार दिवसांनी तोच म्हणाला, "रोज पिवळ्यात लागायला मी काय पंचविशीतला आहे? म्हातारे, तू मला बनवतेस."

"बनवायला तू कच्चा कधी होतास?" ती म्हणाली खरी, पण घाबरली. मग तिने मधूनमधून थोडं चुकलेलंही सांगायला सुरुवात केली. आता खोटं सांगायचं तर ते लक्षात राहायला हवं. तिने सोपी युक्ती काढली. दिसेल त्याच्या उलट सांगायचं. बाण उजवीकडे, की म्हणायचं डावीकडे. खाली, की म्हणायचं वर. "दोन बोटं डावीकडे गेले रे, आणि जरा वर. बाकी छान!"

वेंडेल मान डोलवायचा, शर्टाच्या खिशातून ॲलन-की काढायचा आणि धनुष्यावरचा कुठलातरी स्क्रू केसभर फिरवायचा. "बाण जाईल तिकडे पिन न्यायची," असं काहीतरी पुटपुटायचा. नेल्डा म्हणायची, खेळू दे. पुरुषाच्या हातात अवजार असलं की त्याला बरं वाटतं.

जुलै उजाडला. वीतभर चुकणारे बाण दीड वीत चुकू लागले, मग हातभर. ते पिवळ्यापासून लांब लांब चालले होते, कागद सोडून गठ्ठ्याच्या कोपऱ्याकडे, उजवीकडे, खाली. रोज पुढे जाताना नेल्डा मनाशी म्हणायची, एवढ्या भराभर जातोय डोळा? डॉक्टरीण तर म्हणाली होती वर्ष काढेल. आणि मागून आवाज यायचा, "बोल की!"

"एक पिवळ्यात, दोन जरा डावीकडे."

आणि ॲलन-की खिशातून बाहेर.

एकदा तो बाण हातात फिरवत कुरकुरला. "पिसं फाटलीत बघ. तू बाण पिसांना धरून उपसतेस की काय?"

"नाही रे बाबा. तू शिकवलंस तसंच काढते, दांड्याला धरून."

"मग पिसं काय उंदरांनी खाल्ली?"

तिन्ही बाण एकमेकांना इतके चिकटून असायचे की काढताना बोटं घालायला जागा नसायची, हे तिला रोज दिसत होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पिवळ्यात नाहीत ना? मग चुकलेले ते चुकलेले, एकत्र चुकले काय न् वेगवेगळे चुकले काय.

वेंडेल मात्र फुलून आला होता. जेवताना एल्कच्याच गोष्टी. सप्टेंबरात नर कसा शीळ घालतो, झऱ्याच्या वरच्या अंगाला अस्पेनच्या बनात कसं बसायचं, नेल्डाने गाडीशी थांबायचं की बरोबर यायचं. "चल तूही. इतकी वर्षं नुसती दळत बसलीस. एकदा बघ तरी, तो उभा कसा राहतो." मेमध्ये ह्या माणसाने बोलणं टाकलं होतं. नेल्डाने बटाटे वाढता वाढता मनाशी म्हटलं, माझ्या खोट्यावर एवढं पीक येत असेल तर येऊ दे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही बाण गठ्ठा चुकवून खालच्या मातीत घुसले.

"आवाज वेगळा आला गं."

"गठ्ठ्याची कड विरलीय," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून बाण उकरू लागली.

उकरताना तिला जुनी गोष्ट आठवली. वीस वर्षांपूर्वी वेंडेलचा बाण एका हरणाच्या पोटात लागला होता. दोन दिवस तो रक्ताच्या थेंबांमागे फिरला, हरीण मिळालं नाही. घरी येऊन अंगणातल्या पायरीवर बसून तो रडला, आणि त्या वर्षी पुन्हा धनुष्याला शिवला नाही. "नेम धरता येत नसेल त्याने घरी बसावं," हे तो तेव्हापासून सगळ्यांना ऐकवायचा. आणि आता आपण त्याला कुठे धाडतोय? एल्क पोटात बाण घेऊन चार दिवस डोंगर तुडवेल, आणि हा आंधळा म्हातारा त्याच्यामागे.

ती परत आली तेव्हा तो दोरीला मेण लावत बसला होता.

"वेंडेल, बाण मातीत होते."

"कुठले?"

"तिन्ही. गठ्ठ्यालाच लागले नाहीत." मग तिला थांबता येईना. "जूनपासून एकही पिवळ्यात लागला नाही रे. एकही नाही. मी खोटं सांगत होते. तू हसायचास म्हणून. पण आता तू खरंच निघालास, आणि मला भीती वाटते."

वेंडेलने मेणाची कांडी पायरीवर ठेवली. नेल्डाला वाटलं, तो काहीतरी विचारील. त्याने विचारलं असतं तर सगळंच वेगळं झालं असतं, पण गेल्या दोन महिन्यांत त्याने तिच्या तोंडून इतकं ऐकलं होतं, की आता आणखी काही विचारायला त्याचा धीर झाला नसावा.

"उद्या गाडी काढ," तो म्हणाला. "परवान्याचा कागद परत देऊन टाकू. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

परवान्याच्या ऑफिसातली मुलगी भली होती. म्हणाली, "तुमची एकोणीस वर्षं बुडणार नाहीत, मिस्टर प्रॉक्टर. पुढच्या वर्षीच्या सोडतीत धरली जातील."

"पुढच्या वर्षी मला एल्क कुठला आणि तू कुठली ते कळायचं नाही, पोरी. जपून राहा हो," वेंडेल म्हणाला. मुलगी हसली आणि मग हसल्याबद्दल ओशाळली. त्याने सही केली तीही रेघ सोडून.

दोन दिवस तो खिडकीशी बसून होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "धनुष्य ॲन्सेलकडे टाकून ये. काय येतील ते येतील. मला ते भिंतीवर नको."

ॲन्सेल उरिसारचं हार्डवेअरचं दुकान. खिळे-पत्रे पुढे, आणि मागच्या लांबट खोलीत धनुष्यांचा पसारा. विकायला आणलंय म्हटल्यावर तो चकितच झाला. "विकायला? हंगाम तोंडावर आलाय, मिसेस प्रॉक्टर! अख्ख्या गावाला माहितीय त्यांचा नंबर लागलाय."

"परत केला परवाना. त्याला दिसत नाही आता. उन्हाळाभर एक बाण धड लागला नाही."

ॲन्सेल हळहळला. मग घेण्याआधी तपासावं म्हणून त्याने मागच्या खोलीत बाण लावून सोडला. बाण खाली उजवीकडच्या लाकडी चौकटीत ठक्कन बसला. त्याने धनुष्य उजेडात धरलं आणि पिनेकडे बघत राहिला.

"ही कुणी फिरवली? मागच्या साली मी बसवून दिली होती. ही पार दुसऱ्या टोकाला आलीय."

"तोच फिरवायचा. रोज."

"आणि त्यांना बाण कुठे लागले ते सांगायचं कोण?"

"मीच," नेल्डा म्हणाली.

"बरं, बाण कसे असायचे? एक इथे, एक तिथे, असे विखुरलेले?"

"नाही. एकत्र. अगदी चिकटून. पिसं फाटायची एकमेकांना घासून."

"चाळीस पावलांवर?"

"चाळीस."

ॲन्सेलने धनुष्य सावकाश टेबलावर ठेवलं. "मिसेस प्रॉक्टर, चाळीस पावलांवर माझे तीन बाण असे चिकटले तर मी गावजेवण घालीन. बाण विखुरले तर माणसाचं चुकतं. एका जागी बसले तर माणूस बरोबर असतो, पिन चुकलेली असते. सुरुवातीला किती चुकत होते?"

"वीतभर. उजवीकडे, थोडं खाली."

"दोरी सैल पडली असणार, उन्हाळ्यात पडते. दोन मिनिटांचं काम होतं. उजवीकडे म्हटलं असतं तर त्यांनी पिन उजवीकडे नेली असती आणि बाण पिवळ्यात—" तो तिचा चेहरा बघून थांबला. "तुम्ही बसा जरा. पाणी आणू का?"

तिने पाणी घेतलं नाही. तिथूनच त्या ऑफिसात फोन लावला. तीच मुलगी होती. परवाना परत दिला त्याच दुपारी तो यादीतल्या पुढच्या माणसाला गेला होता, रीनोच्या कुणालातरी. तो फार खूश झाला म्हणे, फोनवर ओरडलाच.

नेल्डा धनुष्य घेऊन तशीच घरी आली. वाटेत तिने गप्प राहायचं ठरवलं आणि चार वेळा मोडलं. वेंडेल मागच्या पायरीवर बसला होता. तिने पावलं वाजवली तसं त्याने तोंड वळवलं.

"आलीस? एक सांगू का," तो म्हणाला, "मी रागावलो होतो तुझ्यावर. पण विचार केला, शेवटी तरी खरं सांगितलंस. नाहीतर मी त्या जनावराचे हाल केले असते."

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. वीतभर उजवीकडे. उलट सांगायची युक्ती. ॲन्सेल काय म्हणाला ते. रीनोचा माणूस ओरडला तेही सांगितलं, लपवायला आता काही उरलं नव्हतं. वेंडेल ऐकत होता. मध्ये त्याने एकदाच हात वर करून तिला थांबवलं.

"तिन्ही चिकटून होते?"

"हो."

"रोज?"

"रोज. तुझ्या मुठीत मावले असते."

त्याने स्वतःची मूठ डोळ्यांजवळ आणून पाहिली. मग ती उघडून मांडीवर ठेवली.

"म्हणजे मला येत होतं," तो म्हणाला.

"शिव्या दे मला, वेंडेल. काहीतरी बोल."

ऊन टेकडीवरून वर सरकत होतं आणि खाली सावली भरत होती. नेल्डाला गठ्ठ्याकडे बघवत नव्हतं म्हणून तिने नजर वर नेली, तर टेकडीच्या माथ्यावर एक हरिणी पाडसाला घेऊन चरत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने त्याला सांगितलं असतंच, म्हणून आजही तोंडातून निघून गेलं.

"वर हरिणी आलीय बघ, पाडसाला घेऊन."

वेंडेलने टेकडीकडे तोंड केलं. तिथे त्याला नुसता पिवळट धुरळा दिसत असणार. बराच वेळ तो तिकडे बघत राहिला.

"खरंच आलीय?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. नेल्डाने "हो" म्हटलं, आणि त्या "हो"ला आता काही किंमत उरली नाही हे तिला म्हणता म्हणताच कळलं.