झाकणावरचा दोरा

माशांच्या टाकीच्या काचेच्या झाकणावर आडवा ठेवलेला पांढरा दोरा आजही सरकलेला होता. वामनरावांनी चष्मा पुसला आणि वहीत नोंद केली : 'मंगळवार. दोरा दोन बोटे डावीकडे. दगडावरील झुबके : सतरा.'

सोमवारी ते चौदा होते. काचेसारखा तपकिरी दांडा, वर बारीक तंतू; काडी लावताच दगडाच्या भेगेत गडप. तंत्रनिकेतनात तीस वर्षे मुलांना बिघाड शोधायला शिकवलेल्या वामनरावांची एक रीत होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी त्यांनी टाकीच्या पाण्यातले मीठ बदलले, मग दिव्याचे तास कमी केले, मग माशांच्या खाद्याच्या बरणीवर पेन्सिलीने रेघ मारली. रोजच्या मापापलीकडे खाद्य उतरले नाही, झुबके मात्र वाढतच राहिले. आता संशयाला एकच जागा उरली होती. दुपारी दोन ते चार ते वाचनालयात असत, तेव्हा घरात दोघीच : अंथरुणाला खिळलेली त्यांची पत्नी रुखमा आणि तिची देखभाल करणारी गोकुळा.

समुद्राच्या पाण्याची ती दोन फुटी टाकी त्यांच्या मुलाने, धनराजने, रत्नागिरीहून आणून रुखमाच्या खाटेला लागून मांडली होती. पक्षाघाताने रुखमाची वाचा गेली, उजवा हात गेला. छताला लागलेली तिची नजर त्या दोन नारिंगी माशांवर आली आणि तिथेच रमली. या झुबक्यांपायी मासे गेले तर ती पुन्हा छताला लागेल, ही वामनरावांची धास्ती होती.

"गोकुळाबाई, टाकीत काही टाकता का तुम्ही?"

"मी काऊन टाकू भाऊ?" पदराची गाठ मुठीत धरत ती म्हणाली.

गाठीला सुकटीचा वास होता. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरात तो असायचाच. तरी वामनरावांनी तोही वहीत उतरवला.

त्यांनी नागपूरच्या मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"समुद्रफुलाची जंगली जात आहे ते काका. खुडू नका, एका तुकड्याचे दहा होतेत. मासे बी मरतीन."

"उपाय?"

"पट्ट्यावाले झिंगे. तेच खातेत त्याले. शेवाळासाठी चार गोगलगाई. खेकडा नाई पायजे, एवढ्याशा टाकीत तो माशालेच धरन. पण पहिले जास्तीचं खाणं बंद करा. ते बंद झालं तर झिंगेही लागत नाई."

बुधवारी वामनराव दोनला निघाले आणि मागच्या दाराने परत येऊन पडद्याआड उभे राहिले. गोकुळाला काय सुनावायचे, ते शब्द ओठांवर तयार होते.

झाकण सरकले. गोकुळाने गाठ सोडून सुकटीची पूड तळहातावर घेतली. पण ती टाकीत टाकली नाही. तळहात रुखमासमोर धरला.

"उचला बाई. काल तीन येळा उचललं, आज चार. मासे वाट पाहून राह्यले."

रुखमाचा उजवा हात थरथरत उठला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना शोधत जवळ आली. चिमूट वळली. गोकुळाने कोपराला नुसता आधार दिला. निम्मी पूड चादरीवर सांडली, निम्मी पाण्यात. मासे झेपावले, उरलेले कण दगडावर उतरले आणि झुबक्यांनी टिपले.

"पुरा हात उठल्यावरच भाऊले दाखवायचं ना? आत्ता सांगतलं तर मोजपट्टी घेऊन बसतीन!"

रुखमाच्या वाकड्या ओठांतून घोगरे हसू फुटले. आठ महिन्यांत वामनरावांनी ते ऐकले नव्हते.

आले तसेच ते मागच्या दाराने बाहेर पडले आणि चौकातल्या एसटीडी बूथवर गेले.

"तीन झिंगे, चार गोगलगाई. उद्याच्या गडचिरोली गाडीनं पाठवा."

"खाणं बंद केलं का काका?"

"नाही. ते चालू राहील."

संध्याकाळी गोकुळाला झिंग्यांविषयी सांगितले, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. "झिंगे आमी खातो भाऊ, तुमी पाळून राह्यले!"

दोरा त्यांनी झाकणावर पुन्हा ठेवला नाही. वही उघडून लिहिले : 'झुबके : एकोणीस. कारण : सापडले नाही.'

वाचनालय गुरुवारी बंद असते. नागपूरची गाडीही पाचला येते. तरी दोनच्या ठोक्याला वामनरावांनी चपला घातल्या, नेहमीसारखे "येतो" म्हणाले, आणि बसस्थानकाच्या बाकावर जाऊन बसले.