दोराजवळची कुऱ्हाड

नवऱ्यामागे वहिनींना उरली होती ती एवढी हाऊसबोट. दोन खोल्या, एक चूल, खिडकीत मिरचीचं रोप. जुना धक्का पाडणार म्हणून ती नदीच्या खालच्या काठाला ओढून न्यायची होती, आणि ओढणारा होता सख्खा दीर. ‘हे खोकं मोडीत काढा आणि आमच्याकडे राहायला या’ असा वर्षभर घोशा लावणारा तोच. वहिनींच्या मनात पाल चुकचुकायला आणखी काय हवं?

सकाळपासून तो बोटीचा तळ ठोकून बघत होता. मग म्हणाला, “वहिनी, कपड्यांची पेटी आणि दादाचा फोटो माझ्या बोटीत ठेवा. तुम्हीही तिकडेच बसा.”

“का? माझ्या घराला काय धाड भरलीये?”

“जुनं लाकूड आहे. ओढताना फळी कधी दगा देईल, सांगता येत नाही.”

बुडणार हे याला आधीच कसं ठाऊक? पेटी ठेवायला त्या त्याच्या बोटीवर गेल्या, तर दोरखंडाच्या गाठीजवळ कडीत धार लावलेली कुऱ्हाड! भर नदीत दोर तोडला की याचं काम फत्ते. त्याची पाठ वळताच वहिनींनी कुऱ्हाड शालीखाली घेतली, पेटी तिथेच सोडली आणि आपल्या घरात येऊन बसल्या. “मी इथून हलणार नाही,” असं ठणकावलंही. बिचाऱ्याने हात टेकले आणि इंजिन सुरू केलं.

वहिनी डोळ्यांत तेल घालून दिरावर नजर ठेवून होत्या. पायाखाली काय चाललंय त्याचा पत्ताच नव्हता. वळणावर चुलीमागची फळी उघडली आणि चपला तरंगायला लागल्या. घर भरत गेलं, जड झालं, आणि ताणलेल्या दोराने दिराच्या बोटीचं मागचं टोक खाली खेचलं. तिच्यातही पाणी चढू लागलं. गाठ सुटेना. त्याने कडीकडे हात नेला. कडी रिकामी.

“वहिनी, उडी मारा! आधी तुम्ही उडी मारा!” तो ओरडत होता.

आता वहिनींना उमगलं. बुडणारी बोट ओढणाऱ्यालाही सोबत नेते, म्हणून ती कुऱ्हाड होती. कंबरभर पाण्यातून त्या पुढच्या टोकाशी गेल्या आणि तुटेपर्यंत दोरावर घाव घालत राहिल्या.

दिराची बोट उसळून वर आली. ती वळवून त्याने वहिनींना वर ओढून घेतलं. मागे मिरचीच्या रोपासकट खिडकी पाण्याखाली गेली. घरासाठी रडायला पुढे जन्म पडला होता. आत्ता त्यांना दिराकडे बघायची लाज वाटत होती.

“भाऊजी, मला वाटलं...”

“पेटीत कोरडे कपडे आहेत, बदलून घ्या,” तो म्हणाला. मग त्यांच्या मुठीतून कुऱ्हाड सोडवून त्याने ती पुन्हा कडीत अडकवली.